पाना कुठवर पोहोचतो? चार हलक्या मिड-इंजिन गाड्या सांभाळण्याचा हिशेब

हलक्या मिड-इंजिन गाड्यांबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक वळणांबद्दल असतं. वळणात गाडी कशी वागते ते एका रविवारी कळतं. पुढची पाच वर्षं ती गॅरेजात कशी वागते, त्यावर खिसा चालतो. इंजिन सीटमागे कोंबलं, रेडिएटर नाकाशी नेला, वजन वाचवायला बॉडीचे मोठे मोठे भाग एकसंध केले, की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हा हिशेब ठरलेलाच. म्हणून इथली तुलना अश्वशक्तीवर नाही. काय बिघडतं, तिथवर पाना पोहोचतो का, आणि पोहोचण्याआधी काय काय उतरवावं लागतं, एवढंच पाहिलं आहे.

गाड्या चार, आणि चारही ब्रिटनच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातल्या: लोटस एलिस, तिच्याच कारखान्यात बनलेली व्हॉक्सहॉल व्हीएक्स २२०, टोयोटाची तिसऱ्या पिढीची एमआर२ आणि एमजी एफ (पुढे टीएफ). पोर्शेची पहिली बॉक्सस्टर मुद्दाम घेतलेली नाही. तीही मिड-इंजिनच, पण साडेबाराशे किलोच्या गाडीला हलकी म्हणायचं तर शब्दाला अर्थ राहत नाही. १९९६ ची पहिली एलिस सव्वासातशे किलोच्या आसपास होती, म्हणजे आपल्या मारुती ८०० पेक्षा फार जड नाही. टोयोटा इंजिनची दुसरी एलिस ८६०, व्हीएक्स २२० साधी ८७० आणि टर्बो ९३०, एमआर२ साधारण ९७५ ते हजार, आणि एमजी एफ हजाराच्या पुढे साठ-सत्तर. हा क्रम लक्षात ठेवा, कारण पाना पोहोचण्याचा क्रम याच्याशी जुळत नाही. सगळ्यात हलकी गाडी उघडायला सगळ्यात जड जाते, आणि सगळ्यात जड गाडीतही इंजिन सहज सापडत नाही. मधली टोयोटा तेवढी हाताला येते.

एमजी एफ : स्वस्त का आहे ते आधी समजून घ्या

१९९५ ची एमजी एफ आणि पहिली एलिस यांच्यात एकच इंजिन आहे, रोव्हरचं १.८ लिटर के-सीरिज, ११८ अश्वशक्तीचं. या इंजिनाची एकच गोष्ट सगळ्यांना माहीत असते: हेड गॅस्केट, म्हणजे वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर, जातं. का जातं ते मात्र फार थोडे जण सांगतात, आणि ते कळलं नाही तर गॅस्केट तीन वेळा बदलूनही गाडी तापत राहते.

ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत सुटे बसवलेले लायनर (पिस्टन ज्यात फिरतात ती नळकांडी), आणि हेडपासून थेट तळाच्या शिडीपर्यंत आरपार जाणारे दहा लांब बोल्ट. हेड, ब्लॉक आणि तळ या बोल्टांनी सँडविचसारखे दाबून धरलेले असतात. कूलंट मुळातच कमी. त्यात थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्याची वाट उघडणारी झडप, पाणी इंजिनात शिरतं त्या बाजूला आहे. रेडिएटर पुढे नाकाशी असल्याने लांबच्या लांब नळ्यांत बरंच थंड पाणी साठून राहतं. इंजिन तापतं, थर्मोस्टॅट उशिरा उघडतो आणि थंड पाण्याचा लोंढा एकदम गरम ब्लॉकमध्ये घुसतो. हेड आणि ब्लॉक वेगवेगळ्या वेगाने आकसतात, एकमेकांवर सूतभर सरकतात. सुरुवातीच्या गाड्यांत त्यांना जागेवर धरणाऱ्या खुंट्या चक्क प्लास्टिकच्या होत्या. हे सरकणं वर्षानुवर्षं चाललं की गॅस्केटवरची रबराची कड सुटते.

त्यामुळे दुरुस्ती म्हणजे नुसतं गॅस्केट नव्हे. अनेक पदरी स्टीलचं गॅस्केट, स्टीलच्या खुंट्या, तळाची मजबूत केलेली ऑइल रेल (बोल्ट जिच्यात आवळले जातात ती पट्टी), नवे बोल्ट, आणि जमल्यास दाबावर उघडणारा सुधारित थर्मोस्टॅट. बोल्ट आधी २० न्यूटन-मीटरला, मग क्रमाने १८० अंश आणि पुन्हा १८० अंश फिरवायचे. हेड उतरलं की दोन गोष्टी न तपासता पुढे जाऊ नये. एक, लायनर ब्लॉकच्या पातळीच्या किंचित वर आहेत का. खाली बसले असतील तर वर जगातलं कुठलंही गॅस्केट लावा, गळणारच. उलट स्टीलचं आणखी लवकर गळतं, कारण ते दबत नाही. दोन, गाडी एकदा तरी खूप तापलेली असेल तर हेडचा धातू मऊ पडतो आणि लायनरच्या कडांचे गोल ठसे त्यात उमटतात. असं हेड घासून सपाट करून बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. दुसरं हेड शोधा.

नंतर कूलंट भरताना घाई केली तर सगळं मुसळ केरात. हवा रेडिएटरवरच्या स्क्रूतून, हीटरच्या नळीवरून आणि इंजिनापाशी अशी वेगवेगळ्या ठिकाणांहून काढावी लागते. हवेचा एक फुगा आत राहिला आणि तापमानाचा सेन्सर त्या फुग्यात आला, तर काटा निवांत मध्यावर उभा असतो आणि खाली हेड भाजत असतं. एमजी घेतली की पहिल्याच महिन्यात एक्स्पान्शन टाकीत पातळीचा सेन्सर बसवून घ्यावा. काटा तापमान दाखवतो, पाणी आहे की नाही ते दाखवत नाही.

आता पान्याची गोष्ट. एमजी एफचं इंजिन बघायचं असेल तर ते दिसत नाही. रोजच्या तपासणीपुरती डिपस्टिक आणि कूलंटची टाकी डिकीच्या बाजूने हाताला लागते. बाकी कशालाही सीटमागचा कापडी टप अर्धवट उचला, खालचा गालिचा सोडवा, मग बोल्टांची रांग खोलून पत्र्याचं झाकण काढा. हा सगळा खटाटोप टायमिंग बेल्टसाठीही. १४३ अश्वशक्तीच्या व्हीव्हीसी इंजिनाला पुढच्या बेल्टशिवाय मागच्या बाजूला आणखी एक छोटा बेल्ट असतो. जाहिरातीत "बेल्ट बदलला" असं लिहिलेलं असेल तर दोन्हींची पावती मागा. मागचा छोटा बेल्ट विसरलेल्या गाड्या कमी नाहीत.

एमजी एफचा दुसरा जुना आजार म्हणजे सस्पेन्शन. ॲलेक्स मोल्टन यांच्या हायड्रागॅस पद्धतीत स्प्रिंग नाहीत. प्रत्येक चाकापाशी नायट्रोजनचा गोळा आणि पाणी-अल्कोहोलचं मिश्रण. एका बाजूचं पुढचं आणि मागचं चाक नळीने जोडलेलं. नवं असताना इतकी आरामशीर छोटी स्पोर्ट्स कार दुसरी नव्हती. पण द्रव झिरपला की गाडी बसते, आणि बऱ्याचदा एकाच कुशीवर. हे डोळ्यांनी ठरवू नका, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा आणि डावी-उजवी बाजू मोजा. द्रव भरून गाडी पुन्हा वर येते, पण त्यासाठी लागणारा पंप मोजक्याच गॅरेजांकडे उरला आहे. गोळ्यातला नायट्रोजनच संपला असेल तर द्रव भरूनही गाडी टणाटण उडत राहते आणि नवे गोळे बनत नाहीत. मग जुन्यातून शोधणं किंवा स्प्रिंगचा संच बसवणं. २००२ च्या टीएफमध्ये कंपनीने स्वतःच साध्या स्प्रिंग दिल्या, म्हणून सांभाळायला टीएफ बरी.

गाडीखालून नाकाकडे जाणाऱ्या कूलंटच्या नळ्या स्टीलच्या आहेत. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यात त्या सडतात. स्टेनलेसच्या मिळतात, बसवलेल्या असतील तर गाडीची किंमत थोडी जास्त द्यायला हरकत नाही. मागची सबफ्रेमही याच रांगेत.

एवढं सगळं ऐकून भारतातला वाचक म्हणेल, एमजी म्हणजे हेक्टरवाली ना? चिन्ह तेच, घराणं बदललं. हीच एमजी रोव्हर कंपनी बुडण्याआधी, २००३ ते २००५ मध्ये, पुण्यात बनलेली टाटा इंडिका सिटीरोव्हर नावाने ब्रिटनमध्ये विकत होती.

एलिस : दोन पिढ्या, दोन वेगळ्या डोकेदुख्या

एलिसचं कौतुक तिच्या चासीपासून सुरू होतं आणि खर्चही. ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या कापून इपॉक्सीने चिकटवलेली ही चासी पहिल्या पिढीत फक्त ६८ किलोची होती. ती गंजून भोकं पडत नाहीत, पण जिथे स्टीलचे भाग तिला टेकतात तिथे दोन धातूंच्या भांडणात पांढरी पूड धरते. पायाशी ओला गालिचा महिनोन्महिने पडून राहिला तर तळही खातो. वाकलेली किंवा चिरलेली चासी ठोकून सरळ करता येत नाही. चासीला लागलं की गाडी संपली, असं समजूनच चला.

इथे ब्रिटनच्या विमा-नोंदींचं एक गमतीचं गणित आहे. अपघातग्रस्त गाड्यांवर आता एस (सांगाड्याला इजा) आणि एन (सांगाड्याला नाही) असे शिक्के असतात. २०१७ च्या शरद ऋतूपूर्वी सी आणि डी होते आणि ते मुख्यतः खर्चावर ठरत. एलिसचं पुढचं अंग, ज्याला तिकडे क्लॅम म्हणतात, म्हणजे बंपर, दोन्ही मडगार्ड आणि नाक मिळून फायबरग्लासचा एकच तुकडा. पार्किंगमध्ये कुणी टेकलं तरी तोच तुकडा बदला, रंगवा, पुन्हा जुळवा. त्या बिलापायी चासीला ओरखडाही नसलेल्या बऱ्याच गाड्या विमा कंपन्यांनी मोडीत काढल्या. म्हणून जुना डी शिक्का बघून एलिस नाकारणं घाईचं ठरेल. फोटो मागा, दुरुस्तीचं बिल मागा, आणि सस्पेन्शनचे आधार जिथे चासीला जोडतात तिथे चीर किंवा नव्याने लावलेला गोंद दिसतो का ते टॉर्चने बघा.

याच क्लॅमखाली रेडिएटर आहे. त्याच्या प्लास्टिकच्या टोकांना वयाने चीर जाते आणि पाणी झिरपू लागतं. रेडिएटर स्वतः महाग नाही. पण क्लॅम सोडवून, दिव्यांच्या वायरी मोकळ्या करून, रंगाला धक्का न लावता दोघांनी तो उचलून बाजूला ठेवणं हे दिवसभराचं काम. एकदा क्लॅम उतरला की मागेपुढे बघू नका: पूर्ण ॲल्युमिनियमचा रेडिएटर, सगळे होज, क्लिपा, हॉर्न, आणि दुसऱ्या पिढीत हीटरच्या पंख्याचा रेझिस्टर, सगळं त्याच बैठकीत उरका. हा रेझिस्टर गेला की पंखा फक्त सगळ्यात वरच्या वेगावर चालतो. विकणारा "तेवढं बारीकसारीक आहे" म्हणतो. पार्ट बारीकच आहे, तिथवर पोहोचणं नाही.

पहिल्या पिढीत के-सीरिजचं वर सांगितलेलं सगळं लागू. फरक इतकाच की डॅशबोर्डवर कूलंटचं तापमान अंशांत, आकड्यांनी दिसतं, आणि हा आकडा एमजीच्या काट्यापेक्षा शंभरपट उपयोगी. इंजिन नीट तापेपर्यंत मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या वर नेऊ नका. लोटसची बेल्टची मुदत ५४,००० मैल किंवा ४ वर्षं. वर्षाला हजार मैल फिरणाऱ्या गाडीला वर्षांचाच हिशेब धरावा. अगदी सुरुवातीच्या गाड्यांना ॲल्युमिनियम संमिश्र धातूच्या ब्रेक डिस्क होत्या. अफाट हलक्या, पण त्यांना त्यांचेच पॅड लागतात आणि नव्या डिस्क मिळणं अवघड. बहुतेकांनी कधीच लोखंडी बसवून घेतल्या. चाक काढून बघितल्याशिवाय पॅड मागवू नका.

दुसऱ्या पिढीत २००४ पासून टोयोटाचं १.८ लिटर टूझेडझेड इंजिन आलं, १८९ अश्वशक्तीचं. गॅस्केटची भीती गेली, बेल्टच्या जागी चेन आली. ६,२०० फेऱ्यांवर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) उंच टाचांवर चढतो आणि गाडी एकदम दुसऱ्याच आवाजात बोलते. त्या टाचा झिजल्या असतील तर ६,२०० नंतर काहीच घडत नाही, म्हणून चाचणीत एकदा तरी तिथवर न्यायलाच हवं. हे इंजिन मरतं ते बहुधा चालकाच्या हाताने. वर जाताना चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला की फेऱ्या मर्यादेबाहेर जातात आणि ऑइल पंपाचे ठिसूळ गिअर फुटतात. पंप गेला की बाकीचं इंजिन त्याच्यामागोमाग. सुरुवातीच्या गाड्यांत ऑइल कूलरच्या नळ्या जोडापाशी सुटल्याच्याही नोंदी आहेत. जोड ओले दिसले तर तसंच चालवत घरी नेऊ नका, ते ऑइल मागच्या टायरवर उडतं.

सर्वात गंभीर जागा मात्र इंजिनात नाही. मागच्या चाकांची दिशा धरून ठेवणारा टो-लिंक नावाचा रॉड दुसऱ्या एलिसमध्ये, आणि व्हीएक्स २२० मध्येही, आतल्या टोकाला एकाच बाजूने टांगलेला आहे. बॉल जॉइंट झिजला आणि बोल्ट सैल पडला की तो तुटू शकतो. तो तुटला की मागचं चाक आपल्या मनाने वळतं आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. तपासणी पाच मिनिटांची: मागचं टोक उचला, चाक डाव्या-उजव्या कडांना, घड्याळात तीन आणि नऊ वाजतात तिथे, धरून हलवा. जरासा खट् आवाज आला तरी गाडी रस्त्यावर नेऊ नये. दोन्ही बाजूंनी धरणारा संच बाजारात मिळतो. ट्रॅकवर जाणाऱ्याने तो आधी बसवावा, सीट-स्टिअरिंगची हौस नंतर.

व्हीएक्स २२० : एलिसचा कष्टाळू चुलतभाऊ

हेथेलच्या लोटस कारखान्यातच २००० ते २००५ मध्ये बनली. युरोपात ओपल स्पीडस्टर नावाने विकली गेली. चासी एलिसची, इंजिन जनरल मोटर्सचं. एलिसवाले नाकं मुरडतात, पण पाकिटाच्या दृष्टीने हा सौदा हुशारीचा. इंजिनाचे पार्ट ॲस्ट्रा-व्हेक्ट्राच्या भावात. ब्रेकला एबीएस आणि चालकाला एअरबॅग पहिल्या दिवसापासून. पहिल्या एलिसला दोन्ही नव्हतं.

२.२ लिटरच्या साध्या गाडीत टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) कमजोर निघाला होता. थंड इंजिन सुरू करताना पहिले काही सेकंद मागून खुळखुळा वाजला तर समजावं. सुधारित टेन्शनर, चेन आणि पट्ट्या असा पूर्ण संच घाला, एकटा टेन्शनर नको. वॉटर पंप बदलताना त्याची चेन-चक्री जागेवर धरून ठेवायला खास हत्यार लागतं, नाहीतर चेन सुटून दुप्पट काम वाढतं. ज्याला हे हत्यार माहीत नाही त्या मेकॅनिकला गाडी देऊ नका. २.० टर्बोला बेल्ट आहे, आणि तिचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारा नळ्यांचा जोड) तडकतो. थंड इंजिनावर टिकटिक ऐकू येते आणि तापल्यावर फट मिटून आवाज थांबतो, त्यामुळे गरम गाडी दाखवणाऱ्या विक्रेत्याला ती बरोबर लपवता येते.

अडचण बॉडीची आणि टायरची. इंजिन ओपलचं असलं तरी फायबरग्लासचे भाग फक्त याच गाडीचे, एलिसचे बसत नाहीत, आणि गाड्याच थोड्या बनल्याने शोधाशोध होते. साध्या गाडीच्या पुढच्या टायरचा माप १७५/५५ आर१७ असा विचित्र आहे की पर्याय बोटांवर मोजण्याइतकेच. माप बदलायचं ठरवलं तर विमा कंपनीला कळवून मगच.

एमआर२ : झाकण उघडा, इंजिन समोर

१९९९ ची एमआर२ (जपानात एमआर-एस) या चौघींत सगळ्यात कमी रोमँटिक आणि सगळ्यात शहाणी. मागचं झाकण उघडलं की इंजिन खरोखर दिसतं. स्पार्क प्लग, कॉइल, बाहेरचा पट्टा, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, सगळं वरून हाताशी. आत टायमिंगला चेन आहे, टायमिंग बेल्ट बदलण्याची भानगड नाही. इंजिन १.८ लिटर वनझेडझेड, १४० च्या आसपास अश्वशक्तीचं. भारतात २००३ साली आलेल्या कोरोलात याच घराण्याचं होतं. सामान ठेवायला जागा जवळपास नाही, सीटमागे कुलपाचा कप्पा आणि पुढे सुट्या चाकाशेजारी थोडी खाच. दोघांची आठवडाभराची बॅग हवी असेल तर चौघींत एमजीच. तिची डिकी २१० लिटरची.

एमआर२ चा एक आजार मात्र प्राणघातक, आणि तो २००३ च्या सुधारणेआधीच्या गाड्यांत. पिस्टनच्या ऑइल रिंगमागची ऑइल परतण्याची भोकं अपुरी होती. ती काजळीने बुजतात, रिंगा चिकटतात, इंजिन ऑइल खाऊ लागतं. जळलेलं ऑइल मॅनिफोल्डमधल्या दोन छोट्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या डब्यांच्या) जाळीवर बसतं आणि ती सिरॅमिकची जाळी भुसभुशीत होऊन सुटते. हे तुकडे पुढे सायलेन्सरकडे जातातच, पण व्हॉल्व्ह उघडे असण्याच्या क्षणात काही पूड उलटी सिलिंडरमध्येही ओढली जाते. सिरॅमिकची पूड म्हणजे सँडपेपर. सिलिंडर ओरखडतो, ऑइल आणखी जळतं, जाळी आणखी सुटते. हे चक्र काही हजार मैलांत इंजिन संपवतं. लोक दोष जाळीला देतात. सुरुवात रिंगांपासून असते.

तपासणी घरच्या घरी होते. गाडी पूर्ण थंड असताना मॅनिफोल्डवरचे वरचे दोन ऑक्सिजन सेन्सर २२ च्या पान्याने काढा, भोकात टॉर्च मारा. मधमाशीच्या पोळ्यासारखी सलग, फिकट जाळी दिसली तर ठीक. कडेला पोकळी, तुटके कोपरे, काळा कुट्ट थर दिसला तर मॅनिफोल्ड उतरवायची वेळ झाली. बरेच मालक जाळी काढून टाकतात आणि मागचा मुख्य कन्व्हर्टर प्रदूषण चाचणी पार करतो. मूळ बसवलेला कन्व्हर्टर काढण्याबाबतचे नियम मात्र आधी वाचा. जाळी काढल्याने रिंगा बऱ्या होत नाहीत, हेही लक्षात असू द्या. दर दोन टाक्यांनंतर डिपस्टिक बघणं ही या गाडीची पूजा. शक्य असेल तर २००३ नंतरचीच घ्या. तिला सहा गिअर आहेत आणि मागचं चाक १६ इंची.

क्लच-पेडल नसलेली एसएमटी गिअरबॉक्सची एमआर२ स्वस्तात दिसेल. तिचा हायड्रॉलिक पंप आणि ॲक्चुएटर बिघडले की दुरुस्ती गाडीच्या किमतीशी शर्यत लावते. सोडून द्या.

बाकी किरकोळ. मागची सबफ्रेम गंजते, टोचणीने दाबून बघा. ब्रेक कॅलिपरच्या पिना जाम होतात. मागच्या ॲलाइनमेंटच्या रॉडवरचे नट गंजून अडकतात, मग ॲलाइनमेंट करणारा "सगळं बरोबर आहे" असं सांगून पैसे घेतो. टपाच्या पाण्याच्या मोऱ्या पानांनी तुंबल्या की सीटमागचा कप्पा हौद बनतो.

जाता जाता अल्फा रोमिओ ४सी. २०१३ साली आली, ६५ किलोचा कार्बन-फायबरचा टब (तीच तिची मधली चासी), कोरडं वजन ८९५ किलो, २४० अश्वशक्ती, पॉवर स्टिअरिंग नाही. यंत्र म्हणून डोळे दिपवणारं. पण टबला इजा झाली तर गल्लीतल्या गॅरेजचा संबंध संपला, म्हणून या हिशेबात ती बसत नाही.

निवड

स्वतः पाना धरणाऱ्याने २००३ नंतरची एमआर२ घ्यावी. गाडी कशासाठी असते हे समजून घ्यायचं असेल आणि वर्षातून एकदा मोठं बिल भरायची तयारी असेल तर टोयोटा इंजिनची एलिस, टो-लिंक बदलून. एलिसचं वळण हवं पण बिल्ल्याचे पैसे द्यायचे नसतील तर २.२ ची व्हीएक्स. एमजी टीएफ तेव्हाच, जेव्हा गॅस्केट, खुंट्या, नळ्या आणि बेल्ट यांच्या पावत्या फाइलमध्ये आहेत. या पावत्या असलेली महाग टीएफ, नसलेल्या स्वस्त टीएफपेक्षा शेवटी स्वस्त पडते. भारतात न्यायचा विचार इथेच सोडा: आयात होणारी वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नाही, आणि यातली एकही त्या वयाची उरलेली नाही. तशीही आपल्या स्पीडब्रेकरांनी एलिसचं पोट पहिल्याच गल्लीत सोललं असतं.

ब्रिटनमध्ये गाडी बघायला निघण्याआधी नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावर एमओटी, म्हणजे तिथल्या वार्षिक सक्तीच्या तपासणीच्या, चाचण्यांचा इतिहास मोफत वाचा. दरवर्षीचं मैलमापन आणि चाचणीत लिहिलेले इशारे तिथे आहेत. एलिस आणि व्हीएक्सच्या बाबतीत एक गोम आहे: चाचणी करणारा तळाचे पत्रे सोडवत नाही, त्यामुळे त्यांच्यावर झाकलेला गंज कागदावर येत नाही. मालक तळाचा पत्रा काढू देणार नसेल तर कारण विचारा.

टायरच्या बाजूवर तारखेचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. कमी फिरलेल्या गाडीची नक्षी नवीकोरी आणि रबर दहा वर्षांचं, ही या जमातीची नेहमीची फसवणूक आहे, आणि मिड-इंजिन गाडीत मागचं कडक टायर ओल्या रस्त्यावर इशारा न देता सोडतं. हवाही पुढे-मागे सारखी नसते. एमआर२ ला पुढे २६ आणि मागे ३२ पीएसआय, दुसऱ्या एलिसला २६ आणि २९. पंपावर चारही चाकांत तीस-तीस भरून दिलेल्या गाडीचं स्टिअरिंग अस्वस्थ वाटलं तर सस्पेन्शनला बोल लावण्याआधी गेज लावा.

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन सुरू करून ठेवू नकोस. पोहोचल्यावर हात मागच्या झाकणावर ठेवा. पुढच्या बॉनेटवर ठेवून या गाड्यांत काही कळत नाही. थंड असताना कूलंटची पातळी कुठे आहे तिथे खडूने रेघ मारा. मग अर्धा तास चालवा, दहा मिनिटं उभी करा, पुन्हा सुरू करा, पंखा लागतो का ऐका. चहा घ्या. तासाभराने, टाकी हाताला कोमट लागेल तेव्हा, रेघ बघा. पाणी रेघेखाली गेलं असेल तर किंमत बोलू नका, ट्रेन पकडा.